मारुती चौक ते गणपती मंदिर: सांगलीची पेठ पुन्हा चालत फिरायची होईल का?

पेठभागची_लेक

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी आईला घेऊन गणपतीला गेले होते. आई ७४ वर्षांची, गुडघा बदलून आठ महिने झालेत, हातात काठी. बाजाराचा दिवस असल्यानं रिक्षा मारुती चौकातच सोडावी लागली. एवढ्या गर्दीत हिचं कसं व्हायचं याची मला धाकधूक होती, पण आई मजेत चालली. वाटेत मेथीची जुडी घेतली, एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटं टेकली, मालकांनी पाणी दिलं, बोलता बोलता माहेरची ओळख निघाली. घरी आल्यावर म्हणाली, "वर्षानं गाव बघितलं बघ."

मंगळवारी पुन्हा निघालो. रस्ता तोच, भाजीवाले नव्हते, म्हणजे चालायला जागा जास्तच असायला हवी होती. पण दुकानांपुढं दुचाक्यांची दुहेरी रांग, मधून रिक्षा, टेंपो, उलट दिशेनं घुसलेली बुलेट. एका स्कूटरचा आरसा आईच्या कोपराला लागला. काठीचं टोक गटाराच्या जाळीत अडकलं. शंभरेक पावलांत आम्ही मागं फिरलो. आई काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. या भागात काय नाही? कापड, सोनं, भांडी, किराणा, देऊळ, घाट, सगळं पायी गाठता येतं. खाली दुकान आणि वर घर ही रीत तर थोरल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन इथं गादी आणली तेव्हापासूनची. आता कोर्ट-कचेरी विजयनगरला गेली, नवी दुकानं विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याला निघाली, आणि पेठेत एकेक वाडा पाडून त्या जागी खाली नुसतं पार्किंग असलेल्या इमारती उठतायत. पुनर्विकास व्हायलाच हवा, माझा त्याला विरोध नाही. पण गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड, सराफ कट्टा एवढा भाग तरी चालणाऱ्यांचा राहावा, घर आणि दुकान दोन्ही ठेवून. जमेल का? विरोध असेल तर तोही मोकळेपणानं लिहा.

वखारभागकर

आईंना नमस्कार सांगा. मी रोज या रस्त्यानं जातो आणि रोज चिडतो. धागा काढलात, फार बरं केलंत.

बस्तेवाले

माझं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. ताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडं बस्ता बांधायला जत, कवठेमहांकाळ, शिरोळहून माणसं येतात. एका बस्त्याला वीस-पंचवीस माणसं. नवरीची आजी, मामी, दोन लहान पोरं, सगळी एकाच जीपगाडीत. सकाळी अकराला बसतात आणि संध्याकाळी पाचला उठतात, तेव्हा साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या, धोतरजोड्या मिळून सात-आठ गठ्ठे होतात. ते घेऊन त्यांनी कुठवर चालायचं? गाडी दारात आणता येत नाही म्हटलं की ही माणसं सरळ जयसिंगपूर नाहीतर इचलकरंजी गाठतील. आधीच शंभर फुटीच्या दुकानांनी निम्मं गिऱ्हाईक नेलंय. २०१९ ला दुकानात पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. त्यातून उठतोय तोवर रस्ता बंद केलात तर आम्ही कायमचे बसू.

खणभागचा_नातू

@बस्तेवाले दादा, बस्त्याची जीप महिन्यातून किती वेळा येते, आणि रोज दारात उभं काय असतं? मी कापड पेठेत पाच वर्षं नोकरी केली. सकाळी दहाला मालकाची गाडी, त्याच्या भावाची गाडी आणि आम्हा चौघा पोरांच्या गाड्या दुकानापुढं लागायच्या, त्या रात्री नऊला हलायच्या. दिवसभर गिऱ्हाईक जागा शोधत फिरायचं. म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आम्हीच अडवलेली. तुमच्यावर आरोप करत नाही, त्यात माझीही गाडी होती.

बस्तेवाले

हे खरं आहे. नाकारत नाही.

तासगावचा_बेदाणा

आमी तासगाव साईडचं. सांगलीत कापडाला नि सोन्याला येणं हुतंच. खरं सांगू का, गाडी लांब लावाय लागली तर चालतंय, पण ती कुठं लावायची ते तरी धड कळाय पायजे. पेठेत शिरलो की अर्धा तास गाडीतच जातोय, बायको चिडतीया, पोरगं रडतंय. एकदा तर बायको गाडीतनं उतरून एकटीच दुकानात गेली, मी चक्कर मारून यीस्तवर तिची खरेदी झालीबी. स्टँडाजवळ मोठी जागा करा नि तिथनं छोटी बॅटरीची रिक्षा सोडा, दहा रुपयं घ्या. म्हाताऱ्या माणसाला बसवा, गठ्ठंबी त्यातच टाका. मग आमाला चालाय काय हुतंय? शेतात रोज चालतोयच की.

रेषाआणिवीट

मी आर्किटेक्ट आहे, गावठाणातली कामं करते. धागाकर्तीनं 'खाली नुसतं पार्किंग' असं लिहिलंय, त्यामागचं कारण लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नदीकाठच्या गावांत पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं, निळी आणि लाल. निळी ढोबळ मानानं २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं बांधकाम जवळजवळ बंद आहे. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर म्हणजे दीड फूट वर. अधिकृत जुन्या इमारतीच्या पुनर्विकासालाही हीच उंची लागते.

आता पेठेतलं चित्र डोळ्यांपुढं आणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. रस्त्यावर डोक्याइतकं पाणी असेल तिथं वाडा पाडून नवी इमारत बांधली, तर राहतं किंवा धंद्याचं बांधकाम डोक्याच्याही वर सुरू होणार. खाली राहतात फक्त खांब. त्या खांबांत गाड्या लावायला परवानगी आहे, म्हणून गाड्या लागतात. दुकान जिना चढून वर जातं, आणि जिना चढून जिरे-मोहरी घ्यायला कोण जातं? अशा चार इमारती ओळीनं झाल्या की तो रस्ता मेला. संध्याकाळी तिथं दिवा नसतो, माणूस नसतं, बाईमाणूस तिथून जायचं टाळतं. यात बिल्डरचा लोभ आहे तसा नियमाचाही वाटा आहे. पूररेषेचा नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, जीव त्यानंच वाचणार आहेत. पण खालचा मजला मोकळा ठेवायचा म्हणजे तो मोटारींनाच द्यायचा, हे कुणी ठरवलं?

नदी ते निळ्या रेषेच्या पट्ट्यातसुद्धा उघडी भाजी मंडई चालते, असं तीच नियमावली म्हणते. मग माझी मागणी एवढीच की पेठेतल्या नव्या इमारतींच्या खांबांमधला रस्त्याकडचा पहिला गाळा उघड्या बाजारासाठी राखून ठेवू द्यावा. दगडी ओटे, चाकांवरची दुकानं, वर पंखा-दिवा. धोक्याचा इशारा आला की दोन तासांत माल हलतो, आणि पाणी ओसरल्यावर ओटे धुऊन परत बसता येतं. वर दुकानं, त्याच्या वर घरं. आणि रस्त्याला किमान ६ फूट मोकळी, सलग पायवाट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मानकात १.८ मीटर दिलेत, ते हेच.

गणेशदुर्ग

@रेषाआणिवीट, हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावून सांगितलं. धन्यवाद.

यात एक भर घालतो. आमच्या आजोबांचं दुकान गणपती पेठेत, धान्याचं. जोतं दगडी, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. पुढं लाकडी फळ्या, प्रत्येकीवर गेरूनं आकडा घातलेला, एकापासून अकरापर्यंत. दुकान बंद करताना त्याच क्रमानं खाचेत सरकवायच्या. पाचवी फुगली होती, ती बसायची नाही, तिला आजोबा गुडघ्यानं दाबायचे. आत छताला माळा, आणि माळ्याला चौकोनी झडप. नदीनं ४० फुटांची इशारा पातळी गाठली की हमाल बोलवायचे आणि पोती झडपेतून दोरानं वर ओढायची. वरच्या खोलीत आम्ही राहायचो, तेव्हा पोत्यांवर गाद्या घालून झोपायचो. पाणी दुकानात यायचं, जायचं, आजी बादलीनं गाळ काढून शेणानं सारवायची. जुन्या माणसांनी पूर धरूनच दुकान बांधलं होतं. २०१९ ला सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं बघा, ज्यांनी तळघरात गोदामं केली होती त्यांचं.

मिरजेची_तार

सांगलीच्या धाग्यावर मिरजकर आल्याबद्दल रागावू नका, महापालिका १९९८ पासून एकच आहे आपली! आमच्या सतारमेकर गल्लीत या, म्हणजे खाली दुकान, वर घर कसं जगतं ते दिसेल. खाली भोपळे टांगलेले, पुढच्या खोलीत कोरीव काम, मागं रंगकाम, वर घर. संध्याकाळी जेवण झाल्यावर माणूस परत खाली येऊन तारा लावतो, ते गल्लीला ऐकू येतं. कारागिराचं घर दुसरीकडं हलवलं तर त्या दुकानाला रात्री नऊच्या पुढं अर्थच राहत नाही. म्हणून नुसती दुकानं वाचवू नका, वरची घरंही वाचवा.

रुंदीकरण_हवंच

सगळे भावनेत बोलतायत. रस्ते अरुंद आहेत हा मूळ प्रश्न. विकास आराखड्यातल्या रुंदीकरणाच्या रेषेप्रमाणं दोन्ही बाजूंनी जागा घ्या, मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडं जादा बांधकाम करायचा हक्क) द्या, रस्ते मोठे करा. गाड्याही जातील, माणसंही जातील. आयर्विनला पर्यायी पूल झालाय, पलीकडून येणारी वाहनं टिळक चौकातून कुठंतरी जायलाच हवीत ना? शहर म्हणजे संग्रहालय नव्हे.

पेठभागची_लेक

@रुंदीकरण_हवंच, तुमचा मुद्दा मी समजून घेतेय. पण एक सांगा, शंभर फुटी रस्ता रुंदच आहे. तिथं माझी आई रस्ता ओलांडू शकते का? मी तिच्याबरोबर उभी राहून बघितलंय. पाऊण रस्त्यात गेलो की पलीकडून गाडी येते आणि ती जागच्या जागी थांबते. रुंदीनं गाड्यांचा वेग वाढला, चालणाऱ्याचं काही सोपं झालं नाही. आणि पेठेत दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट घेतले तर सगळ्यात आधी ओटे आणि पायऱ्या जातील. त्या दिवशी आई टेकली ती पायरीच जाईल.

रुंदीकरण_हवंच

ओलांडण्याचा मुद्दा मान्य. पण पुलावरच्या वाहतुकीचं उत्तर मिळालं नाही.

खणभागचा_नातू

पुलावरून येणाऱ्याला पेठेत काम आहे की पेठेतून पुढं जायचंय, हे आधी वेगळं करायला हवं. ज्याला मिरजेला किंवा विश्रामबागला जायचंय, तो कापड पेठेतून का जातो? सरळ दिसतं म्हणून. त्याला टिळक चौकातच वळवायचं. पेठेत काम असलेला तेवढा आत येईल, तोही गाडी बाहेर लावून.

लक्ष्मीरोडवरून

मूळची सांगलीची, आता पुण्यात. इथं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडवर पहिल्यांदा पादचारी दिन झाला, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक एवढा पट्टा गाड्यांना बंद. तेव्हापासून दर वर्षी करतात. मी पहिल्या वर्षी मुलाला घेऊन गेले होते. माझा मुलगा रस्त्याच्या मधोमध मांडी घालून खडूनं चित्र काढत बसला आणि मला त्याला एकदाही 'बाजूला हो' म्हणावं लागलं नाही. मी लक्ष्मी रोडवर इतकी वर्षं खरेदी केली, पण दुकानांच्या वरचे मजले, जुन्या लाकडी गॅलऱ्या त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बघितल्या. एरवी नजर सतत खाली असते, पाय कुठं ठेवायचा म्हणून.

मात्र दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं. वर्षातून एक दिवस करून सवय लागत नाही.

वखारभागकर

मग सांगलीत तर दर आठवड्याला आहे की! शनिवार बाजार!

दिल्लीत_दहा_वर्षं

चांदनी चौकाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद असा साधारण सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्यानं बांधून २०२१ मध्ये खुला केला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी, मालाच्या गाड्या रात्री. लग्नाच्या खरेदीचा तो देशातला मोठा बाजार. बस्तेवाले दादांनी लिहिलंय तसेच गठ्ठे तिथंही, पण सायकलरिक्षा आणि हमालांच्या हातगाड्यांवर जातात. मी बहिणीच्या लग्नाचे लेहंगे असेच आणले, रिक्षावाल्यानं मेट्रोच्या दारापर्यंत सोडले.

पण तिथली चूकही सांगतो. लाल दगडाचे बाक, कुंड्या छान झाल्या, पण पहारा ढिला पडला की दुचाक्या आत येतात. रस्ता दगडानं बांधून भागत नाही, तो रोज राखावा लागतो. त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. इथं कुणी मागणी लिहून देणार असाल तर हा खर्च पहिल्या पानावर लिहा.

मेथीची_जुडी

मी गेले तीन दिवस नुसती वाचतेय. माझी आई शनिवारच्या बाजारात बसते, चोवीस वर्षं झाली. सगळे बाजार छान म्हणताय त्याचं बरं वाटलं, पण एरवी आम्हाला 'अतिक्रमण' म्हणतात. गाडी येते, पाट्या उचलून नेते, आणि सोडवून आणेपर्यंत भाजी सुकते. एकदा आईची वजनं नेली, ती परत मिळालीच नाहीत. दोन किलोचं वजन तिच्या सासूचं होतं.

फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका हव्यात, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण हवं, आणि सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हे मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी वाचलं आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कागद दे, मंडईत दाखवते." तुमचा रस्ता चालणाऱ्यांचा झाला आणि त्यात आम्हाला जागा नसली, तर तो चालणारा काय घेऊन घरी जाणार? रेषाआणिवीट ताईंनी लिहिलेले ओटे मिळाले तर आई पहिल्या दिवशी सगळ्यांना कोथिंबीर फुकट देईल, असं तिनंच लिहायला सांगितलंय.

रेषाआणिवीट

आईंना सांगा, ओट्याचं चित्र त्यांना विचारूनच काढते. पाटी ठेवायला किती खोल हवा, बसायला किती उंच हवा, हे त्या सांगतील ते खरं.

पागडीवाला_भाडेकरू

एक प्रश्न अजून कुणीच काढला नाही. पेठेतले निम्मे वाडे भाडेकरूंनी भरलेले आहेत. मी स्वतः एका वाड्यात, दोन खोल्या, भाडं इतकं कमी की मालकांना घरपट्टीलाही पुरत नाही. मालक दुरुस्ती करत नाहीत, मी करू शकत नाही. पावसाळ्यात मागची भिंत ओली होते, तिथं मी पलंग लावत नाही. पुनर्विकास हा शब्द ऐकला की मला पहिली भीती ही वाटते की 'दोन वर्षांत परत या' म्हणून बाहेर काढतील आणि दोनाची दहा होतील. आमच्या शेजारच्या वाड्याचं तसंच झालं. बिल्डरनं वाडा पाडला, पैसे संपले म्हणाला, पत्र्याचं कुंपण अजून तसंच आहे, आत एरंड वाढलाय. तिथल्या काकू भाड्याच्या घरातच गेल्या.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला नव्या इमारतीत परत यायचा हक्क आहे, पण तो मुदतीत लेखी मागावा लागतो, आणि हे वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी सांगत नाही. म्हणून माझी अट अशी: एकेक वाडा सुटा पाडू नका. आधी गल्लीतल्या एका मोकळ्या जागेवर तात्पुरती घरं बांधा, मग एक वाडा घ्या, त्यातली माणसं तिथं हलवा, तो पुरा झाला की पुढचा. वेळ लागेल, पण माणसं गल्लीतच राहतील.

मिरजेची_तार

हे वाचून गप्प झाले. त्या काकू आता कुठं आहेत?

पागडीवाला_भाडेकरू

गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या तुळशीचं वृंदावन कुंपणाच्या आत आहे, रस्त्यावरून दिसतं.

बंब_आणि_शिडी

अग्निशमनात काम केलंय, आता निवृत्त. चालण्याचा रस्ता म्हटलं की लोक लगेच विचारतात, आग लागली तर? उलट सांगतो. बंब साधारण ८ फूट रुंद असतो. पेठेत आग लागली तेव्हा आमचा बंब रुंदी कमी म्हणून अडकल्याचं मला आठवत नाही, अडकला तो दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळं. एका रात्री आम्ही चौघांनी अकरा दुचाक्या हातानं उचलून बाजूला केल्या आणि मग पुढं गेलो. तोवर माळ्यावरचं कापड गेलं होतं. शनिवारी पाटीवाल्या बायका शिट्टी ऐकताच पाट्या ओढून वाट करून देतात. कुलूप लावलेली गाडी वाट देत नाही. तेव्हा मधे १२ फूट मोकळी पट्टी कायम ठेवा, तिच्यावर कुंडीही नको आणि बाकही नको, बाकी काय करायचं ते करा.

बस्तेवाले

बंबवाले काका, ते माळ्यावरचं कापड माझ्या चुलत्यांचं होतं, बहुतेक. तुम्ही लोकांनी त्या रात्री जे केलंत ते आमच्या घरात अजून सांगतात.

चार दिवस धागा वाचतोय. रात्री मुलाशी बोललो. तो म्हणाला, बाबा, आपण आपल्यापासून सुरुवात करू. सोमवारपासून आम्हा बापलेकांच्या आणि कामगारांच्या मिळून सहा गाड्या पेठेबाहेर लावतोय. चालत यायला सात मिनिटं लागली. वाटेत तीन माणसांशी बोलणं झालं, ज्यांना मी वर्षभर फक्त हॉर्न वाजवून नमस्कार करत होतो. दुकानापुढं जागा मोकळी झाली तर दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या येऊन लागल्या, ते वेगळं. म्हणजे एकट्यानं होणार नाही. शेजारच्या सहा दुकानदारांशी बोललो, दोघे तयार आहेत, एक चिडले, तिघे बघू म्हणाले.

रस्ता कायमचा बंद करायला माझी अजून तयारी नाही. पण शनिवारी जे चालतं ते बुधवारीही करून बघायला हरकत नाही. लग्नसराई सोडून, आधी दोन महिने. गठ्ठ्यांसाठी हातगाडी आम्ही दुकानदार मिळून ठेवू, हमालाचे पैसे आम्ही देऊ.

रुंदीकरण_हवंच

बुधवारचा प्रयोग करा, मी बघायला येईन. टिळक चौकात किती गाड्या अडकतात ते मी मोजतो आणि इथं खरं लिहितो, मग ते कुणाच्याही बाजूनं जावो.

गणेशदुर्ग

पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती विसर्जनाला निघतो तेव्हा अख्खं गाव चालतच असतं, आणि त्या दिवशी कुणी गाडीची आठवणही काढत नाही. तेव्हा आपल्याला येत नाही असं नाही.

अवांतर: बुधवारी कुणी येणार असेल तर फळ्यांचं ते दुकान दाखवतो. पाचवी फळी अजून तशीच आहे.

रेषाआणिवीट

नियमात बदल हवा असेल तर तो एका पत्रानं होत नाही, पण पत्राशिवाय सुरूही होत नाही. मी मसुदा करतेय. त्यात तीनच गोष्टी: बुधवारचा प्रयोग, खांबांमधल्या पहिल्या गाळ्यात उघडा बाजार, आणि भाडेकरूंना गल्लीतच तात्पुरती घरं. पहाऱ्याच्या माणसाच्या पगाराचा खर्च पहिल्या पानावर. @मेथीची_जुडी, @पागडीवाला_भाडेकरू, तुम्ही दोघांनी वाचल्याशिवाय पुढं पाठवणार नाही.

पेठभागची_लेक

सगळ्यांचं वाचून दाखवलं आईला. मेथीवाल्या ताईंच्या आजीच्या वजनापाशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. तिचं एकच म्हणणं आहे. ती म्हणते, रस्ता मोकळा झाला तरी तिला मारुती चौकापासून देवळापर्यंत एका दमात जमणार नाही, मधे तीनदा तरी बसायला लागेल. त्या भांड्यांच्या दुकानाची पायरी बरी, पण खाली आहे, उठताना दोन माणसं लागतात.

बस्तेवाले

माझ्या दुकानाच्या ओट्यावर बाक ठेवतो, बंबाच्या वाटेत येणार नाही. सुतार उद्याच येतोय फळीच्या कामाला. किती उंचीचा करू?

पेठभागची_लेक

आत्ताच टेपनं मोजलं, तिच्या घरातल्या खुर्चीची उंची १९ इंच आहे. आणि एका बाजूला हात टेकायला काहीतरी हवं, उजव्या बाजूला.